एका बटणावर पाळत

‘स्टॉक आला की कळवणारं चांगलं ॲप कोणतं?’ असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: तुम्हाला हवा असलेला संगणकाचा भाग ऑनलाइन दुकानाच्या पानावर आला, तर किती वेळ टिकतो? याचं उत्तर माहीत नसेल तर ॲपचं नाव सांगून काही उपयोग नाही. चार मिनिटांत संपणाऱ्या मालासाठी सहा तासांनी एकदा डोकावणारं साधन कुचकामी. आणि चार दिवस पडून राहणाऱ्या मालासाठी दर दहा सेकंदांनी दुकानाचं पान उघडणारं साधन म्हणजे दुकानदाराच्या सर्व्हरला ताप आणि आपल्यावर बंदी.

टंचाईच्या जाती वेगवेगळ्या आहेत. १७ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड ६९९ डॉलरला विक्रीला आलं आणि आलं तसं गेलं. माणसांच्या आधी बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम, पोचले होते. कंपनीला माफी मागावी लागली, खरेदीच्या पानावर कॅप्चा बसवावा लागला. इथे मिनिटांचा हिशेब. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाची गोष्ट निराळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने पहिल्यांदाच किंमत वाढवली, २ जीबीचा पाय ४ हा बोर्ड ३५ डॉलरवरून ४५ वर गेला, आणि पुढे २०२३ पर्यंत उपलब्ध बोर्डांवर पहिला हक्क उद्योगांचा राहिला. किरकोळ ग्राहकासाठी अधिकृत विक्रेत्यांकडे छोटे छोटे लॉट येत, काही वेळ टिकत आणि संपत. तिसरी जात शांत आहे, लहान किंवा खास रचनेच्या संगणकांना लागणाऱ्या भागांची: मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, ईसीसी अनबफर्ड मेमरी, लो-प्रोफाइल ग्राफिक्स कार्ड, एसएफएक्स पॉवर सप्लाय. यांना मागणीच कमी, म्हणून दुकानदार दोन-चार नगांपेक्षा जास्त मागवत नाही. आला तर आठवडाभरही पडून राहतो, पण कुठल्या शहरातल्या कुठल्या दुकानात ते कळत नाही. चौथी जात उत्पादन बंद झालेल्या मालाची, तिच्याकडे शेवटी येऊ.

आणि एक जात सध्याची. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव एआय डेटा सेंटरच्या मागणीने असे चढले की रास्पबेरी पायला डिसेंबर २०२५ मध्ये १६ जीबीचा पाय ५ १२० डॉलरवरून १४५ वर न्यावा लागला. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ रोजी क्रुशल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात रॅम दुकानात दिसते, फक्त भाव पटत नाही. तिथे ‘स्टॉक आहे का’ यावर पाळत ठेवून हाती काही लागत नाही. पाळत किमतीवर ठेवावी लागते. साधन तेच असलं तरी मांडणी वेगळी.

म्हणून पहिला आठवडा खरेदीचा विचार बाजूला ठेवून नुसती नोंद ठेवावी. पान कधी बदललं, माल कधी आला, कधी गेला, भाव काय होता. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत माल आल्यावर पान माणूस बदलतो, त्यामुळे बदल बहुतेक दुकानाच्या वेळेत होतात. एका दुकानाचा वार आणि वेळ लक्षात आली की रात्रीची तपासणी बंद करता येते. नोंदीतून सगळ्यात छोटी खिडकी, म्हणजे माल आल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, काढा आणि तपासणीचं अंतर तिच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नका. माल अर्धा तास टिकतो तर दर दहा मिनिटांनी. दोन दिवस टिकतो तर दर तीन तासांनी पुरे. एक तृतीयांश अशासाठी की एखादी तपासणी हुकली, पान उघडलं नाही, तरी दुसरी हाताशी असते आणि निर्णयाला वेळ उरतो.

हे गणित पैशाशीही जोडलेलं आहे. एक पान दर पाच मिनिटांनी म्हणजे दिवसाला २८८ तपासण्या, तीस दिवसांत ८,६४०. एखादी सेवा महिन्याला १,००० तपासण्या फुकट देते असं धरा. एकाच पानावर त्या वाटल्या तरी दोन तपासण्यांत ४३ मिनिटांचं अंतर पडतं, आणि चार पानांवर वाटल्या तर जवळपास तीन तासांचं. जाहिरातीत ‘इतकी पानं फुकट’ हा आकडा मोठ्याने सांगतात. पाहायचा तो तपासण्यांचा आकडा आणि किमान अंतराचा.

आता साधनं. ज्या मालावर जगभर डोळे असतात त्याच्यासाठी कोणीतरी आधीच पाळत ठेवलेली असते, ती वापरावी. रास्पबेरी पायसाठी आरपीआयलोकेटर हे त्याचं उत्तम उदाहरण: अधिकृत विक्रेत्यांची पानं एकाच तक्त्यात, देश आणि मॉडेलप्रमाणे गाळणी, आणि नव्या नोंदी आपोआप पोचवणारी आरएसएस फीड. ते इतकं नेमकं चाललं कारण विक्रेते मोजके होते, मॉडेल मोजकी होती आणि मॉडेलचा क्रमांक सगळीकडे सारखा होता. ग्राफिक्स कार्डांचं तसं नसतं. एकाच चिपवर असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, इनोथ्रीडी अशा प्रत्येकाची चार-पाच मॉडेल. नाऊइनस्टॉक आणि हॉटस्टॉक अमेरिका-ब्रिटनच्या मोठ्या दुकानांवर नजर ठेवतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्याला ती उपयोगी, कोल्हापूरच्या माणसाला जवळजवळ नाहीत. (तिकडून येणाऱ्या नातेवाइकाकडून कार्ड मागवणाऱ्यांनी आधी वॉरंटी त्या देशापुरती आहे का ते पाहावं. बहुतेकदा असते.) भारतातल्या दुकानांचे भाव एकत्र पाहायला पीसीप्राइसट्रॅकर आहे. ॲमेझॉनसाठी कीपा आहे, ती भारतातल्या ॲमेझॉनवरही चालते. तिच्या आलेखात नव्या मालाच्या भावाची रेघ कधी तुटली, म्हणजे माल कधी संपला, आणि कधी परत आला ते दिसतं. आपल्याकडचं ॲमेझॉन ही बाजारपेठ आहे, विकणारे वेगवेगळे. त्यामुळे ‘उपलब्ध’ दिसणारं कार्ड दीडपट भावाने एखाद्या अनोळखी विक्रेत्याचं असू शकतं. कीपात भावाची वरची मर्यादा टाकल्याशिवाय सूचना लावू नये.

कुणाच्याच यादीत नसलेल्या मालासाठी पान राखणारी साधनं लागतात. डिस्टिल हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे. ते तुमच्याच ब्राउझरमधून पान उघडतं, म्हणून लॉगिन, पिनकोड सगळं तुमचं असतं आणि तपासणी झटपट करता येते. अट एकच: संगणक आणि ब्राउझर चालू हवा. व्हिजुअलपिंगसारख्या सेवा त्यांच्या सर्व्हरवरून पाहतात, तुमचा संगणक बंद असला तरी चालतं. पण तो सर्व्हर परदेशात असेल तर त्याला दिसणारं पान तुमचं नसतं. पिनकोडप्रमाणे उपलब्धता बदलणाऱ्या साइटवर अशी सेवा लावली की ती महिनोन्‌महिने ‘उपलब्ध नाही’ हेच सांगत बसते. ज्या साइटवर पिनकोड टाकावा लागतो तिथे डिस्टिल, जिथे लागत नाही तिथे दुसरं काहीही, अशी ढोबळ विभागणी करायला हरकत नाही.

स्वतःच्या यंत्रावर चालवायचं तर चेंजडिटेक्शन हे मुक्त सॉफ्टवेअर माझ्या मते सगळ्यात शहाणं. डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तयार डब्यात चालवण्याच्या सोयीत, बसवायला दहा मिनिटं लागतात, पोर्ट ५००० वर त्याचं पान उघडतं. जुना लॅपटॉप किंवा छोटा बोर्ड पुरतो. रास्पबेरी पाय मिळवायला घरात आधी एक रास्पबेरी पाय असावा, ही गंमत तेवढी सोसावी लागते. त्यात वस्तू परत आली का आणि भाव काय, एवढंच पाहणारा खास प्रकार आहे. मूळ सेटिंगमध्ये तपासणी तीन तासांनी होते, ती प्रत्येक पानासाठी वेगळी करावी. जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या पानांसाठी त्याला जोडून क्रोम चालवावं लागतं आणि तिथे मेमरी भराभर खर्च होते. म्हणून क्रोम फक्त ज्या पानांना लागतंच त्यांनाच लावावं. लागतं की नाही हे कळायला पानाचा मूळ स्रोत, म्हणजे त्यामागचा कोड, उघडावा, कंट्रोल आणि यू दाबून, आणि किमतीचा आकडा त्यात शोधावा. सापडला तर साधी तपासणी पुरते.

इथून पुढे खरा कस लागतो. नेमकं काय पाहायचं? अख्खं पान पाहायला सांगितलं तर ‘हेही पाहा’मधली वस्तू बदलली, खाली कुणी प्रश्न विचारला, वर जाहिरातीची पट्टी फिरली, की फोन वाजतो. दोन दिवसांत माणूस फोनकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि मग खरा माल येतो तेव्हाही दुर्लक्षच होतं. पाळत एका ओळीवर किंवा एका बटणावर हवी. सीएसएस सिलेक्टरने, म्हणजे पानातल्या एखाद्या तुकड्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्या ओळीने, तेवढाच तुकडा निवडता येतो. चेंजडिटेक्शन आणि डिस्टिल दोन्हींत माऊसने चौकट काढून तो निवडायची सोय आहे.

त्याहून चांगली जागा पुष्कळदा पानाच्या पोटात असते. बहुतेक दुकानं गूगलसाठी वस्तूची माहिती एका ठरावीक साच्यात लिहितात. स्रोतात ‘अव्हेलेबिलिटी’ शोधलं की पुढे ‘इनस्टॉक’, ‘आउटऑफस्टॉक’, ‘प्रीऑर्डर’ यांपैकी एक शब्द सापडतो. रंग, मांडणी, थीम बदलली तरी ही ओळ टिकून राहते. मात्र काही थीममध्ये इथे कायमचं ‘इनस्टॉक’ लिहून ठेवलेलं असतं, माल असो वा नसो. म्हणून कुठलीही खूण वापरण्याआधी ती त्याच दुकानातल्या दोन वस्तूंवर तपासायची: एक जी नक्की आहे आणि एक जी नक्की संपली आहे. दोन्हीकडे उत्तर वेगळं आलं तरच खूण खरी. ही पाच मिनिटांची चाचणी न केल्यामुळे जितकी पाळत वाया जाते तितकी दुसऱ्या कशाने जात नसेल.

दुकानाची साइट शॉपिफाय, वूकॉमर्स यांपैकी कुठल्या तयार सॉफ्टवेअरवर बांधलीय ते कळलं तर काम आणखी सोपं होतं. शॉपिफायवरच्या दुकानात वस्तूच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जेएस’ जोडलं की पानाऐवजी जेसन या साच्यातली, यंत्राला वाचायची कोरडी माहिती येते. त्यात प्रत्येक प्रकारापुढे ‘अव्हेलेबल’ खरं की खोटं ते लिहिलेलं असतं. ८ जीबी आणि १६ जीबी एकाच पानावर असतील तर हाच मार्ग. आरटीएक्स ५०६० टीआय दोन्ही मेमरींत निघालं आहे, आणि ८ जीबीवाल्याची सूचना पाहून घाईने पैसे भरणारे कमी नाहीत. वूकॉमर्सवरच्या दुकानांत ‘इन-स्टॉक’ आणि ‘आउट-ऑफ-स्टॉक’ हे क्लास, म्हणजे कोडमधली नावं, वस्तूच्या चौकटीत असतात, आणि दुकानदाराने बंद केलेला नसेल तर स्टोअर एपीआय, म्हणजे प्रोग्रामना माहिती देणारा दुकानाचा पत्ता, लॉगिनशिवाय हेच सांगतो. ही माहिती आकाराने पानापेक्षा कितीतरी लहान असते, त्यामुळे दुकानावरही भार कमी.

वूकॉमर्सची आणखी एक खोड कामाची आहे. कुणी ऑर्डर टाकून पैसे भरले नाहीत तर तो नग त्याच्या नावावर अडकून राहतो, मूळ सेटिंगमध्ये ६० मिनिटं. तासाभराने ऑर्डर आपोआप रद्द होते आणि नग परत विक्रीला येतो. म्हणजे माल आला आणि पाच मिनिटांत ‘संपला’ असं दिसलं, तर हताश होऊन पाळत सैल करायची ती वेळ नव्हे. पुढचा तास-दीड तास उलट घट्ट करायची. ओटीपी न आलेले, बँकेच्या मर्यादेत अडकलेले, नुसती चाचपणी करणारे असे दोन-तीन ग्राहक प्रत्येक लॉटमध्ये असतातच.

खोट्या सूचनांचं एक मूळ सांगतो, कारण ते सगळ्यांना चकवतं. ‘आउट ऑफ स्टॉक हे शब्द गेले की कळव’ अशी अट लोक लावतात. वरवर बरोबर. पण साइटला बॉटपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने मध्येच ‘तुम्ही माणूस आहात का’ हे पान दाखवलं, सर्व्हर ५०३ (सेवा बंद) देऊन पडला, दुकानदाराने पान काढून टाकलं, तर यांपैकी प्रत्येक वेळी ते शब्द जातात आणि रात्री तीनला घंटा वाजते. अट तीन पायांवर उभी करावी. वस्तूचं नाव किंवा उत्पादकाचा क्रमांक पानावर आहे, ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण आहे आणि ते निष्क्रिय नाही, आणि किंमत ठरवलेल्या पट्ट्यात आहे. पट्ट्याला खालचीही मर्यादा हवी. ऐंशी हजारांचं कार्ड आठ हजारांना दिसलं तर ती एकतर चूक असते किंवा ‘आगाऊ बुकिंग रक्कम’. ‘प्रीऑर्डर’ आणि ‘किमतीसाठी फोन करा’ यांना माल आला असं मोजायचं का, हेही आधीच ठरवा.

उलट बाजूची चूक जास्त महाग पडते, कारण ती दिसत नाही. सिलेक्टर चुकला, दुकानाने थीम बदलली, तुमच्या इंटरनेट पत्त्यावर ४०३ (प्रवेश नाही) लागला, आणि साधन निमूटपणे काहीच न सांगता बसलं. शांतता म्हणजे माल नाही असं आपण धरून चालतो. चेंजडिटेक्शनमध्ये ठरावीक वेळा फिल्टर, म्हणजे निवडलेला तुकडा, सापडला नाही तर कळवण्याची सोय आहे, ती कंटाळून बंद करू नये. बाकी कुठेही असाल तर एक नेहमी उपलब्ध असणारी वस्तू, केबल वगैरे, त्याच दुकानाची, त्याच पद्धतीने यादीत ठेवा आणि तिचं उत्तर दिवसातून एकदा मागवा. केबलही ‘संपली’ म्हणू लागली की समजायचं, डोळेच गेलेत.

आणखी एक अदृश्य चूक दुकानदाराच्या सवयीतून येते. नवा लॉट आला की काही दुकानं जुनं पान चालू करण्याऐवजी नवं पान बनवतात, जुनं तसंच ‘संपला’ म्हणत पडून राहतं. त्यामुळे एक पाळत वस्तूच्या पानावर असेल तर दुसरी, सावकाश, त्या दुकानाच्या विभागाच्या पानावर किंवा शोधाच्या निकालावर ठेवावी, उत्पादकाच्या क्रमांकाने. नावाने शोधू नये. ‘ओसी’, ‘व्हाइट’, ‘व्ही२’ अशा शेपट्या दुकानागणिक बदलतात.

किती पानं? तीन मॉडेल आणि चार दुकानं, म्हणजे बारा. यापुढे गेलं की यादी सांभाळणं हाच उद्योग होतो. ४० पानं दर दहा सेकंदांनी म्हणजे दिवसाला ३,४५,६०० भेटी, आणि आपल्याकडची कितीतरी दुकानं साध्या सामायिक होस्टिंगवर चालतात. सर्व्हरने ४२९ हा उत्तराचा क्रमांक दिला तर त्याचा अर्थ ‘जरा दमानं घ्या’. सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ असेल तर तितकी सेकंद थांबावं, नसेल तर अंतर दुप्पट करावं. यात नुसतं सौजन्य नाही. बंदी तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावर येते, आणि त्याच पत्त्यावरून तुम्हाला खरेदी करायची आहे. ठरावीक ठोक्याऐवजी अंतरात थोडी मागेपुढे सूट ठेवली तर सगळ्या तपासण्या एकाच क्षणी आदळत नाहीत. स्वतः कार्टमध्ये टाकून पैसे भरणारे बॉट मात्र मी कुणाला सुचवणार नाही. दुकानं अशा ऑर्डर रद्द करतात, आणि २०२० साली सगळ्यांचा वैताग झाला तो त्यांच्यामुळेच.

संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा नसेल तर गूगल ॲप्स स्क्रिप्ट हा फुकटचा मार्ग आहे. एका शीटमध्ये पत्ते, शेजारी खूण, आणि दर पाच किंवा दहा मिनिटांनी काम आपोआप सुरू करणारा ट्रिगर. साध्या खात्याला दिवसाला २०,००० पानं आणता येतात. अडचण तिथे नसून वेळेत आहे: ट्रिगरने चालणाऱ्या सगळ्या कामाला मिळून दिवसाला ९० मिनिटं मिळतात. पाच मिनिटांच्या अंतराने २८८ फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरीला साधारण १८ सेकंद. बारा पानं एकामागून एक आणली आणि एखादं दुकान धिम्या गतीचं निघालं तर संध्याकाळपर्यंत कोटा संपतो आणि पाळत नेमकी तेव्हा थांबते. सगळी पानं एकदम मागवणारं ‘फेचऑल’ वापरावं. शिवाय गूगलच्या पत्त्यांना काही दुकानं थाराच देत नाहीत. कोड साठवणाऱ्या गिटहबच्या ॲक्शन्स या सोयीवरही हे करता येतं, पण तिथलं किमान अंतर पाच मिनिटांचं आणि गर्दीच्या वेळी काम उशिरा सुरू होतं. सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या खुल्या कप्प्यात) ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रक आपोआप बंद पडतं. घरच्या यंत्रावर चालवणाऱ्यांनी राउटरलाही छोटा यूपीएस लावावा. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहतो, इंटरनेट राहत नाही.

सूचना येण्याची वाट जितकी छोटी तितकी बरी. तासाभरापेक्षा कमी खिडकीसाठी ईमेल विसरा. टेलिग्रामवर बॉटफादर या त्यांच्याच खात्याकडून निरोप पोचवणारा बॉट बनवून त्याचं टोकन (किल्ली) साधनात टाकणं हे पाच मिनिटांचं काम आहे. फोनवर सूचना धाडणारं एनटीएफवाय त्याहून सोपं, आणि त्यात सूचनेला अग्रक्रम देता येतो, सगळ्यात वरचा पाच. फोन शांत असताना वाजायला हवा असेल तर त्या ॲपला ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून वगळावं. अँड्रॉइडवर बॅटरी ऑप्टिमायझेशन त्या ॲपपुरतं बंद करावंच, नाहीतर खिशात झोपलेला फोन सूचना दहा-पंधरा मिनिटांनी एकगठ्ठा देतो. संदेशात चार गोष्टी हव्यात: वस्तू, भाव, तपासणीची वेळ आणि थेट वस्तूच्या पानाची लिंक. लिंक साधनाच्या डॅशबोर्डवर नेत असेल तर एक पायरी फुकट वाढली. दुकानाच्या साइटवर आधीच लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये ती उघडते का, हेही एकदा करून पाहावं.

त्यानंतरचा अडथळा पैशाचा, आणि तो पाळतीच्या साधनांच्या चर्चेत कुणी काढतच नाही. आरटीएक्स ५०८० ची भारतातली जाहीर किंमत १,०७,००० रुपयांपासून सुरू झाली. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा १ लाख. म्हणजे क्यूआर कोड दिसला तरी व्यवहार होणार नाही, आणि हे कळेपर्यंत नग दुसऱ्याच्या नावावर. कार्डाची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये आदल्या दिवशीच वाढवून ठेवावी. काही बँकांत मर्यादेचा बदल लागू व्हायला वेळ जातो. पत्ता, पिनकोड, मोबाइल क्रमांक खात्यात जतन करावेत. व्यवसायाच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी क्रमांक पैसे भरण्याआधीच टाकावा, नंतर बिल बदलून मिळणं मुश्कील. आणि कार्टमध्ये टाकलं म्हणजे आपलं झालं असं नाही. शॉपिफायवर पैसे भरून होईपर्यंत नग कुणाचाच नसतो.

काही ठिकाणी पाळतीची गरजच नसते. डिजीकी, माउझर यांसारखे वितरक बॅकऑर्डर घेतात आणि पुढचा माल कधी अपेक्षित आहे तेही दाखवतात. तिथे रांगेत नाव लावणं हेच सगळ्यात चांगलं साधन. दुकानाच्या ‘आल्यावर कळवा’ बटणावर एकट्यावर विसंबू नये, पण दाबून ठेवायला काय जातं? आणि तिसऱ्या जातीच्या मालासाठी, ते मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि ईसीसी मेमरी, फोन अजूनही सगळ्यांत पुढे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत असे नग साइटवर चढण्याआधीच विकले जातात. व्हॉट्सॲपवर उत्पादकाचा नेमका क्रमांक, किती नग, आणि ‘सीरियल नंबरसह जीएसटी बिल हवं’ एवढंच लिहावं. ‘चांगलं मदरबोर्ड आहे का’ असं लिहिलं तर हाताशी असलेलं काहीतरी गळ्यात मारतात. ब्रँडच्या साइटवर भारतातल्या वितरकाचं नाव असतं. त्याच्याकडे कुठल्या दुकानाला माल गेला असं विचारलं तर कधीकधी सरळ उत्तर मिळतं.

उत्पादन बंद झालेला माल, म्हणजे जुन्या इंटेल प्रोसेसरचा एलजीए ११५५ बोर्ड किंवा जुन्या सर्व्हरची डीडीआर३ मेमरी, तिथे परत येणाऱ्या स्टॉकवर पाळत ठेवण्यात अर्थ नाही, कारण तो येणारच नाही. येते ती नवी जाहिरात. ईबे, ओएलएक्स यांवर शोध जतन करून सूचना लावावी, दिवसातून दोनदा पुरे, आणि क्रमांक दोन-तीन तऱ्हांनी लिहून शोधावा, कारण विकणारा तो नेहमी चुकवतो.

ऑर्डर लागली तरी पाळत लगेच काढू नये. एकच नग दोन दुकानांच्या काउंटरवर आणि साइटवर एकाच वेळी विकला जातो, आणि संध्याकाळी ‘स्टॉक नसल्यामुळे रद्द’ असा मेल येतो. परतावा खात्यात यायला कामाचे पाच-सात दिवस जाऊ शकतात. तेवढी रक्कम अडकल्यावर दुसरीकडे आलेला माल घ्यायला दुसरं कार्ड किंवा शिल्लक आहे का, हे आधी पाहून ठेवलेलं बरं. पार्सल निघाल्याचा ट्रॅकिंग क्रमांक हाती आला की साधनातली बाकीची अकरा पानं थांबवावीत. आणि खोका उघडताना व्हिडिओ काढून बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी ताडून पाहावा. तीनपैकी एक जरी जुळला नाही तर सील लावलेल्या पिशवीला हात न लावता दुकानाला त्याच दिवशी लेखी कळवावं.